सोनटक्का

सोनटक्का ही झिंजिबरेसी म्हणजेच आल्याच्या कुलातील बहुवर्षायू, सुगंधी फुलांची वनस्पती आहे. तिचे शास्त्रीय नाव हेडीकियम कोरोनेरियम असे आहे. अर्धवट सावली, ओलसर जमीन आणि दमट हवा तिला मानवते. त्यामुळे कोकणातील परसबागांप्रमाणेच नवी मुंबईसारख्या शहरांतील गॅलऱ्यांत आणि इमारतींभोवतीच्या बागांतही ती लावता येते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात येणाऱ्या शुभ्र फुलांसाठी ती प्रसिद्ध आहे.

नाव व मूलस्थान

नावात ‘सोन’ असले तरी या जातीची फुले पांढरी असतात. नावातील सारखेपणामुळे काही वेळा तिची सोनचाफ्याशी गल्लत होते. परंतु सोनचाफा हा मोठा वृक्ष असून त्याचे कुल वेगळे आहे. हिंदीत सोनटक्क्याला गुलबकावली, तर बंगालीत दोलनचांपा म्हणतात. हेडीकियम हे प्रजातिनाम ‘गोड’ आणि ‘बर्फ’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून आले आहे. त्यातून फुलांचा सुगंध आणि शुभ्रता सूचित होते. लिनीअसचे शिष्य आणि दक्षिण भारतातील तरंगमबाडी येथे काम केलेले वनस्पतिशास्त्रज्ञ योहान गेरहार्ड कोनिग यांनी केलेले या जातीचे वर्णन १७८३ मध्ये प्रसिद्ध झाले.

पूर्व हिमालयापासून दक्षिण चीन व आग्नेय आशियापर्यंतचा प्रदेश हे तिचे मूलस्थान मानले जाते. तेथे ती वनांच्या कडेला आणि ओढ्यांच्या काठी वाढते. सोनटक्का हे क्यूबाचे राष्ट्रीय फूल आहे.

वर्णन

सोनटक्क्याचे झुडूप साधारण १ ते २ मीटर उंच वाढते. जमिनीखाली आल्यासारखे आडवे, मांसल खोड असते. व्यवहारात त्यालाच कंद म्हणतात. या कंदापासून दरवर्षी नवे सरळ दांडे वर येतात. पाने लांबट, टोकदार, ३० ते ६० सेंटिमीटर लांब असून दांड्याच्या दोन्ही बाजूंना एकाआड एक येतात. फुले नसताना हे झुडूप हळद किंवा कर्दळीसारखे दिसते.

दांड्याच्या टोकाला हिरव्या छदांचे कणीस येते आणि प्रत्येक छदाच्या आतून क्रमाक्रमाने फुले उमलतात. फुलाचे जे रुंद पांढरे भाग पाकळ्यांसारखे दिसतात, ते वस्तुतः रूपांतरित, वंध्य पुंकेसर असतात. खऱ्या पाकळ्या अरुंद व दोऱ्यासारख्या असतात. फुले सायंकाळच्या सुमारास उमलतात आणि अंधार पडल्यावर त्यांचा सुगंध वाढतो. लांब सोंडेचे निशाचर पतंग या फुलांकडे आकर्षित होतात. एक फूल साधारण दिवसभर टिकते व नंतर पिवळट पडून कोमेजते. मात्र कणसात नवी फुले येत राहिल्याने बहर बरेच दिवस चालतो. फळ नारिंगी बोंड असून बियांवर लाल आवरण असते.

सावलीची गरज

‘सावलीत वाढणारी वनस्पती’ या शब्दप्रयोगामुळे सोनटक्क्याच्या बाबतीत सर्वाधिक गैरसमज होतो. मूळ अधिवासात त्याला झाडांच्या फांद्यांतून झिरपणारे ऊन मिळते. तो पूर्ण अंधारात वाढत नाही. इमारतींमधील अरुंद मोकळ्या जागेत, जिन्याखाली किंवा घराच्या आतल्या कोपऱ्यात ठेवलेल्या झाडाला पाने भरपूर येतात, दांडे बारीक व उंच होतात, परंतु फुले क्वचितच येतात. उलट, भर दुपारच्या उन्हात पानांच्या कडा करपतात.

सकाळचे दोन-तीन तास ऊन आणि नंतर सावली मिळणारी पूर्वेकडील गॅलरी यासाठी सर्वांत योग्य ठरते. उत्तरेकडील गॅलरीत भरपूर उजेड असल्यास झाड चांगले वाढते, पण फुले कमी येतात. पश्चिमेकडील गॅलरीत मार्च ते मे या काळात दुपारी हिरव्या जाळीची सावली करावी लागते.

नवी मुंबईतील लागवड

नवी मुंबई हे शहर सिडकोने १९७० नंतर ठाणे खाडीच्या पूर्वेस वसवले. खाडीलगतच्या सखल व भराव घातलेल्या भागांत माती खारवट किंवा पाण्याचा निचरा न होणारी असू शकते. अशा ठिकाणी कंद थेट जमिनीत न लावता उंच वाफ्यात किंवा कुंडीत लावणे हिताचे असते.

मे महिन्याची अखेर ते जून हा लागवडीचा काळ होय. दोन-तीन डोळे असलेला कंदाचा तुकडा घेऊन त्याची कापलेली बाजू एक-दोन दिवस सुकू द्यावी. कंद साधारण ५ सेंटिमीटर खोल, आडवा लावावा. जमिनीत दोन कंदांमध्ये ४५ ते ६० सेंटिमीटर अंतर ठेवावे. कंद आडवे पसरत असल्याने कुंडी खोल असण्यापेक्षा रुंद असणे महत्त्वाचे असते. ३० ते ३५ सेंटिमीटर व्यासाची कुंडी एका कंदाला पुरते. दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग नारळाचा भुसा हे मिश्रण चालते. कुंडीच्या तळाची छिद्रे मोकळी असावीत.

वर्षभराची निगा

जून ते सप्टेंबर या काळात पावसाचे पाणी बहुधा पुरेसे असते. मात्र छत असलेल्या गॅलरीतील कुंडीत पाऊस पोहोचत नसल्याने तिला ऐन पावसाळ्यातही पाणी द्यावे लागते. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये; त्यामुळे कंद कुजतात आणि डेंग्यू पसरवणाऱ्या डासांचीही पैदास होते. वरच्या मजल्यांवर वाऱ्याने उंच दांडे मोडतात, म्हणून काठीचा आधार द्यावा. पावसाळ्यात दर महिन्याला मूठभर शेणखत किंवा गांडूळखत पुरते. नत्रयुक्त खत अधिक झाल्यास पाने वाढतात आणि फुले घटतात.

ऑक्टोबरच्या उन्हात माती लवकर सुकते, त्या वेळी नियमित पाणी द्यावे. एक दांडा एकदाच फुलतो. त्याचा बहर संपून तो पिवळा पडल्यावर जमिनीलगत कापावा, म्हणजे नव्या फुटव्यांना जागा मिळते.

डिसेंबरनंतर पाने पिवळी पडून वाढ मंदावते. काही वेळा जमिनीवरचा सर्व भाग सुकतो आणि झाड मेले असे समजून कुंडी रिकामी केली जाते. वस्तुतः हा कंदाचा विश्रांतीचा काळ असतो. माती बाजूला करून पाहिल्यास निरोगी कंद टणक लागतो. मऊ पडलेला व दुर्गंधी येणारा कंद मात्र कुजलेला असतो. या काळात पाणी कमी करावे, परंतु माती पूर्ण कोरडी होऊ देऊ नये. उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा पहिल्या पावसानंतर नवे कोंब दिसू लागतात. दर दोन-तीन वर्षांनी, पावसाळ्यापूर्वी, दाटी झालेले कंद काढून वेगळे करून लावावेत.

कीड व रोग

पावसाळ्यात गोगलगाई कोवळी पाने खातात. त्या सायंकाळनंतर हाताने वेचणे हा साधा उपाय आहे. कोरड्या हवेत लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण यांचा उपद्रव होतो. पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा फवारा मारल्याने, तसेच १ लिटर पाण्यात सुमारे ५ मिलिलिटर निंबोळी तेल व थोडा सौम्य साबण मिसळून फवारल्याने तो कमी होतो. कंदकुजीवर निचरा सुधारणे हाच मुख्य उपाय होय. कुजलेला भाग कापून निरोगी तुकडा नव्या मातीत लावता येतो.

उपयोग

फुले पूजेसाठी, वेणीसाठी व फुलदाणीत ठेवण्यासाठी वापरतात. फुलांपासून सुगंधी द्रव्य मिळते. कंदांतही सुगंधी तेल असते.

पर्यावरणीय परिणाम

शोभेसाठी नेलेला सोनटक्का ब्राझील, हवाई बेटे आणि दक्षिण आफ्रिका येथे ओढ्यांच्या काठी व पाणथळ जागी बेसुमार पसरला असून तेथे तो उपद्रवी वनस्पती मानला जातो. प्रवाहाबरोबर वाहत गेलेला कंदाचा लहानसा तुकडाही ओल्या काठावर रुजतो आणि त्याच्या दाट जाळीखाली स्थानिक रोपांना वाढायला जागा उरत नाही. कोकणातील ओढ्यांच्या काठी पेव आणि रानहळद यांसारख्या स्थानिक वनस्पती वाढतात. म्हणून बागेतून काढलेले जादा कंद डोंगरउतारावर, नाल्यात किंवा ओढ्यात टाकू नयेत. ते इतर बागप्रेमींना द्यावेत किंवा बारीक चिरून, उन्हात पूर्ण वाळवून खतात मिसळावेत.