परदेशी आरोपी आणि नगर जिल्ह्यातील २०२० चा निकाल

भंडारदऱ्याला एखाद्या परदेशी पर्यटकावर फौजदारी गुन्हा दाखल झाला, तर कागद राजूर पोलीस ठाण्यातून अकोले येथील न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, तिथून गरजेप्रमाणे संगमनेरच्या सत्र न्यायालयात आणि अखेर मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे जातात. तोच प्रकार कळसूबाईच्या पलीकडच्या उतारावर, इगतपुरी तालुक्यात घडला, तर उच्च न्यायालय तेच राहते, पण सुनावणी मुंबईच्या मुख्य पीठापुढे होते. नगर, नाशिक आणि ठाणे जिल्हे जिथे एकमेकांना भिडतात, तिथे वकील कुठे शोधायचा हे डोंगराची धार ठरवते. परक्या माणसाला ही हद्द ठाऊक नसते. त्याला भाषा येत नाही आणि जामीन राहायला ओळखीचे कोणी नसते.

बचावाचा हक्क मात्र त्यालाही आहे. संविधानाचे अनुच्छेद २१ आणि २२ नागरिकांपुरते मर्यादित नाहीत. आपल्या पसंतीचा वकील देण्याचा हक्क अटक झालेल्या परदेशी माणसालाही मिळतो. अपवाद शत्रुराष्ट्राच्या नागरिकाचा. हा अपवाद नगरने फार पूर्वी पाहिला आहे. पहिल्या महायुद्धात जर्मन नागरिकांना नगरच्या छावणीत डांबले होते, आणि त्यासाठी कोणावर गुन्हा सिद्ध करावा लागला नव्हता. आज कोठडीतील कोणालाही १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखाली मोफत वकील मिळू शकतो. अटकेची खबर आपल्या वकिलातीला द्या असे सांगण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना करारातून येतो. कुलभूषण जाधव प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी पाकिस्तानला दोषी धरले, ते याच कराराच्या छत्तिसाव्या कलमावर. अजमल कसाबच्या खटल्यात वकीलपत्र घेणाऱ्यांच्या दारावर निदर्शने झाली, तरी त्याला सर्वोच्च न्यायालयापर्यंत वकील मिळाला. वकील घेण्याचा हक्क आरोपीला पहिल्याच हजेरीच्या वेळी समजावून सांगणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य असल्याचे त्या न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात बजावले.

या हक्कांची खरी कसोटी नगर जिल्ह्यात लागली ती २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीत. २३ मार्चला महाराष्ट्रात संचारबंदी आणि जिल्हाबंदी जाहीर झाली, लगोलग देशभर टाळेबंदी आली. दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजमधील तबलिगी जमात या इस्लामी धर्मप्रसारक संघटनेच्या मेळाव्यातून साथ पसरल्याच्या आरोपावरून गदारोळ उठला. केंद्राने एप्रिलच्या सुरुवातीलाच ९६० परदेशी नागरिकांना काळ्या यादीत टाकले. नगर जिल्ह्यातील मशिदींत आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, जिबूती, बेनिन आणि इंडोनेशिया या देशांचे नागरिक आढळले. त्यांच्यावर आणि त्यांना आसरा देणाऱ्या स्थानिकांवर वेगवेगळ्या पोलीस ठाण्यांत गुन्हे नोंदले गेले. भारतीय दंड संहितेची कलमे १८८, २६९ व २७०, साथरोग अधिनियम, आपत्ती व्यवस्थापन अधिनियम आणि व्हिसाच्या अटी मोडल्याबद्दल १९४६ चा परकीय व्यक्ती अधिनियम अशी कलमांची रास उभी राहिली. साथरोग अधिनियम १८९७ चा, मुंबई इलाख्यातील प्लेगच्या वेळचा. परक्याकडे संशयाने पाहणे तेव्हाही साथीबरोबरच आले होते.

एकोणतीस परदेशी नागरिक औरंगाबाद खंडपीठात गेले. बचावाचा पाया साधा होता. भारत सरकारनेच दिलेला वैध व्हिसा घेऊन ते आले होते आणि विमानतळावर त्यांची तपासणी झाली होती. जिल्ह्यात आल्याची माहिती त्यांनी पोलिसांना दिली होती. टाळेबंदीत लॉज बंद झाल्याने ते मशिदीत थांबले. गुन्हा म्हणावे असे यात काय घडले, हा त्यांचा प्रश्न होता.

पोलिसांचा भर धर्मप्रसाराच्या आरोपावर होता. त्यामुळे सगळी लढाई व्हिसाच्या नियमावलीवर येऊन ठेपली. त्या नियमावलीनुसार परदेशी माणसाला धर्मस्थळी जाण्यास किंवा प्रवचन ऐकण्यास मनाई नाही. मनाई आहे ती स्वतः धर्मप्रसार करण्यास, त्यासाठी भाषणे देण्यास आणि पत्रके वाटण्यास. मशिदीत राहणे आणि प्रचार करणे यांतले अंतर पुराव्याने भरून काढायचे काम सरकार पक्षाचे होते. ते झाले नाही. या मंडळींना हिंदी किंवा उर्दू येत नव्हती. त्यांचे बोलणे अरबी, फ्रेंच अशा भाषांत चाले. मग गावातल्या माणसांना त्यांनी धर्म शिकवला कसा? एरवी जी भाषेची अडचण परदेशी आरोपीला कोर्टात नडते, ती इथे त्याच्या बाजूने उभी राहिली. संपूर्ण प्रकरणातला सर्वांत भक्कम मुद्दा हाच म्हटला पाहिजे.

न्यायमूर्ती टी. व्ही. नलावडे आणि न्यायमूर्ती एम. जी. सेवलीकर यांच्या खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी गुन्हे रद्द केले. न्यायमूर्ती नलावडे यांनी लिहिलेला निकाल त्याहून पुढे गेला. संकटकाळात सरकार बळीचा बकरा शोधते आणि या परदेशी लोकांची निवड त्यासाठीच झाली असण्याची शक्यता दिसते, असे त्यांनी नोंदवले. प्रसारमाध्यमांच्या प्रचारावर टीका केली आणि नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्धच्या आंदोलनाचाही संदर्भ दिला. न्यायमूर्ती सेवलीकर यांना आदेश मान्य होता, हा संदर्भ मान्य नव्हता. याचिकेत कोणीच न मांडलेली बाब निकालाच्या कक्षेबाहेरची आहे, असे त्यांनी स्वतंत्रपणे लिहिले.

हा मतभेद निकालाला कमकुवत करतो असे अनेकदा मानले गेले. वस्तुस्थिती उलट आहे. राजकीय निरीक्षणे पूर्णपणे बाजूला ठेवणाऱ्या न्यायाधीशालाही हे गुन्हे टिकणारे वाटले नाहीत, म्हणजे व्हिसा, नियमावली आणि पुराव्याचा अभाव एवढ्यावरच ते कोसळत होते. तरीही नलावडे यांच्या शब्दांची गरज होती. महिनोन्‌महिने जाहीर बदनामी सोसलेल्या पाहुण्यांना केवळ तांत्रिक सुटकेने न्याय मिळाला नसता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नागपूर खंडपीठानेही म्यानमारच्या आठ नागरिकांवरील गुन्हा रद्द केला.

दिल्लीत चित्र वेगळे होते. तिथल्या ९५५ परदेशी आरोपींपैकी बहुतेकांनी सौम्य शिक्षेच्या बदल्यात कबुली देण्याच्या तरतुदीखाली गुन्हा कबूल केला, काही हजारांचा दंड भरला आणि मायदेशाची वाट धरली. महिनोन्‌महिने अडकलेल्या माणसाला दोष नसतानाही कबुली स्वस्त पडते, हे या तरतुदीचे दुखणे आहे. चव्वेचाळीस जणांनी खटला लढवला. त्यांतील आठ जण ऑगस्टमध्ये आरोपमुक्त झाले आणि उरलेले छत्तीस १५ डिसेंबर २०२० रोजी निर्दोष सुटले.

१९४६ चा कायदा आता राहिलेला नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन आणि परकीय व्यक्ती अधिनियम, २०२५ लागू झाला असून व्हिसाच्या अटी मोडणे हा त्याखालीही गुन्हाच आहे.