३.४ क्रियेचे सातत्य आणि हेतू : मराठीतून स्पॅनिशकडे

भीमाशंकरच्या जंगलातील पावसाविषयीची दोन वाक्ये पाहा : 'पाऊस पडत आहे' आणि 'पाऊस पडत राहिला'. पहिले वाक्य क्रिया चालू असल्याचे सांगते, तर दुसरे ती न थांबल्याचे. स्पॅनिशमध्येही हा भेद सहायक क्रियापदच दाखवते : 'एस्ता योविएंदो' आणि 'सिगिओ योविएंदो'. 'सिगिओ' हे 'सेगिर' या क्रियापदाचे भूतकाळी रूप. 'सेगिर' म्हणजे मागोमाग जाणे, 'राहणे' म्हणजे वसणे. सहायक होताच दोघांचाही मूळ अर्थ मागे पडतो.

आता हेतू पाहू.

१. आम्ही शेकरू पाहण्यासाठी हळू चालतो.
२. मुलांनी शेकरू पाहावे म्हणून आम्ही हळू चालतो.

पहिल्या वाक्यात चालणारे आणि पाहणारे एकच आहेत. अशा वेळी स्पॅनिशमध्ये 'पारा'नंतर क्रियापदाचे मूळ रूप येते : 'पारा वेर'. दुसऱ्या वाक्यात कर्ते वेगळे आहेत. तेथे मराठीत 'पाहावे' हे विध्यर्थी रूप येते, तर स्पॅनिशमध्ये 'पारा के' आणि पुढे संभावनार्थी रूप : 'पारा के लोस निन्योस वेआन'.

चूक होते ती येथेच. 'आम्ही मुलांना खेळण्यासाठी जागा सोडली' हे वाक्य मराठीत सहज चालते. त्या सवयीने स्पॅनिशमध्ये नुसते 'पारा' वापरले, तर खेळणारे आपणच, असा अर्थ निघू शकतो. म्हणून आधी कर्ता तपासा, मग रूप निवडा.

स्वयं-अध्ययन : 'पारा' की 'पारा के', ते सकारण सांगा.
(अ) आम्ही दर्शन घेण्यासाठी थांबलो.
(आ) तुम्हांला समजावे म्हणून मी पुन्हा सांगतो.