अनुभवदाराचा रकाना

लेखमाला : कागदोपत्री (लेखांक 6)

पैनगंगा ओलांडली की 'पाहणी' या शब्दाचा अर्थ बदलतो. यवतमाळच्या बाजूला पाहणी 'होते' : साहेब येतात, बघतात, चहा घेऊन जातात. आदिलाबाद जिल्ह्यात, बेला, जैनद, तलमडुगूकडे, पाहणी 'काढतात'. "पहाणी काढली का?" असं कुणी विचारलं, तर माणूस मीसेवा केंद्राची वाट धरतो आणि जमिनीचा कागद हातात घेऊन परततो. तेलुगूतही हाच शब्द रुळला आहे. निजामाच्या राज्यातल्या महसुली कारभारात बघण्याची क्रिया आणि बघून लिहिलेला कागद यांना एकच नाव मिळालं, ते आजवर टिकलं.

मागच्या लेखांकात आपण जमाबंदी पाहिली. या वेळी पाहणीचा कागद घेऊ. त्याच्यापासून शिकून दवाखाना, वसतिगृह, शाळा अशा इमारतींच्या तपासणीचे अहवाल कसे वाचायचे, आणि त्यांतून तिथल्या सेवेचा दर्जा कसा ओळखायचा, हे आजचं काम.

एका सालाची पाहणी आणि दहा सालांची

जुन्या पहाणीत सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार, पीक, पाण्याचं साधन, आबी-ताबीचा (पावसाळी-उन्हाळी पिकाचा) हंगाम अशी माहिती असे. त्यातले दोन रकाने शेजारी शेजारी ठेवून वाचायचे : पट्टादार आणि अनुभवदार. जमीन ज्याच्या नावावर तो पट्टादार. प्रत्यक्ष कसतो, तो अनुभवदार. पुष्कळदा दोन्हीकडे एकच नाव, पण नावं वेगळी निघाली की त्या कागदाला कहाणी फुटते.

तेलंगणात जमिनीच्या वादात आजही 1954-55 ची खासरा पहाणी मागतात. तिच्या पाठोपाठ 1955 ते 58 ची 'सेसाला', म्हणजे तीन सालांची पहाणी येते. जाणता वकील एका सालाच्या उताऱ्यावर समाधान मानत नाही. तो ओळीने सालं लावतो : कुणाचं नाव किती वर्षं टिकलं, कधी गायब झालं, कोणत्या साली शाई बदलली. एका सालची नोंद चुकीची असू शकते, कुणी करवून घेतलेलीही असू शकते. दहा सालं सारखं खोटं लिहिणं अवघड जातं.

तपासणीचे अहवाल वाचण्याची पहिली गुरुकिल्ली हीच. एक अहवाल त्या दिवशीची इमारत दाखवतो. ओळीने लावलेले अहवाल ती चालवणाऱ्यांचं काम दाखवतात.

अडीचशे प्रश्नांचा तक्ता

आता दवाखान्यात येऊ. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने 2015 मध्ये सरकारी दवाखान्यांसाठी 'कायाकल्प' योजना आणली. जिल्हा रुग्णालयाच्या मूळ तक्त्यात सहा विषय होते : इमारतीची देखभाल, स्वच्छता, कचऱ्याची विल्हेवाट, संसर्ग नियंत्रण, पूरक सेवा आणि स्वच्छतेचा प्रसार. पहिल्या चार विषयांना शंभर-शंभर गुण, शेवटच्या दोहोंना पन्नास-पन्नास. मिळून 250 मुद्दे, 500 गुण. पुढे त्यात भर पडत गेली, पण सांगाडा तोच आहे.

प्रत्येक मुद्द्याला 2, 1 किंवा 0. नीट असेल तर दोन, अर्धवट असेल तर एक, नसेल तर शून्य. 'बरं आहे', 'समाधानकारक' असल्या शेऱ्यांना जागाच नाही. मुद्दा कसा तपासायचा तेही ठरलेलं : डोळ्यांनी बघून, कर्मचाऱ्यांना विचारून, नोंदवही उघडून किंवा रुग्णाशी बोलून. तपासणीच्या फेऱ्या तीन. आधी दवाखान्याने स्वतःची तपासणी करायची, मग शेजारच्या संस्थेतल्या लोकांनी, शेवटी बाहेरच्या पथकाने. 70 टक्क्यांवर गेलेली संस्था बक्षिसाच्या पंक्तीत बसते.

वर्तमानपत्रात बातमी येते ती टक्क्यांची. वाचणाऱ्याने मात्र टक्के बाजूला ठेवून एकेका मुद्द्याची उभी ओळ वाचावी.

करवत, सपाट रेघ आणि उतरण

समजा, एका दवाखान्यातल्या बायकांच्या स्वच्छतागृहातला नळ. ओळीने पाच तपासण्यांतले त्याचे गुण 0, 2, 0, 2, 0. ही करवत. प्लंबर येतो, दुरुस्त करतो, पुन्हा बिघडतं. म्हणजे माणूस आहे, पैसाही मिळतो, पण मूळ दुखणं (टाकीतला गाळ म्हणा, हलका नळ म्हणा) कुणी शोधत नाही. इथे वाढीव निधी देऊन उपयोग नाही.

दुसरीकडे त्याच नळाचे गुण 0, 0, 0, 0, 0. ही सपाट रेघ. इथे बहुधा कामाला धनीच नाही. नळ बांधकाम विभागाचा की दवाखान्याचा, हेच ठरलेलं नसतं. अशा मुद्द्यासमोर 'जबाबदार कोण' या रकान्यात एक नाव लिहिलं, तर निम्मं काम होतं.

तिसरी ओळ 2, 2, 1, 1, 0. ही उतरण, आणि सर्वांत उपयोगाची हीच. नळ एका दिवसात तुटला नाही, लक्ष हळूहळू सुटत गेलं. कंत्राट बदललं का? सफाईची माणसं कमी झाली का? तिसऱ्या तपासणीच्या वेळीच हे विचारलं असतं, तर शून्य आलंच नसतं.

आणखी एक ओळ ओळखायला शिकावं : 0, 0, 0, 2, 0. ते एकटं दोन ज्या महिन्यातलं, त्या महिन्यात बाहेरचं पथक आलं होतं का ते बघा. पाहुण्यांसाठी घर आवरतात तसं ते दोन असतं. म्हणून स्वतःच्या, शेजाऱ्याच्या आणि बाहेरच्या तपासणीचे गुण एकाच पानावर मांडावेत. स्वतःला दिलेले गुण दर वेळी चढे निघाले, तर इमारतीच्या आधी तपासणीचीच तपासणी करावी.

तारीख आणि भाषा

आदिलाबादपुरत्या दोन गोष्टी. पहिली ऋतूची. हा जिल्हा तेलंगणातला सर्वांत थंड भागांपैकी एक, आणि उन्हाळ्यात तितकाच भाजणारा. छताची गळती फेब्रुवारीत तपासली तर दोन गुण ठरलेले. खरी परीक्षा ऑगस्टात. वसतिगृहातली पांघरुणं आणि गरम पाणी डिसेंबरच्या पहाटे बघावं, पंखे आणि पिण्याचं पाणी मे महिन्याच्या दुपारी. तेलुगू वर्तमानपत्रांत 'आकस्मिक तनिखी' हा मथळा नेहमी दिसतो : अधिकारी न सांगता वसतिगृहात जाऊन आले. न सांगता जाणं चांगलंच. पण चुकीच्या ऋतूत न सांगता गेलं, तरी दिसायचं ते दिसत नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. आदिलाबादच्या 'रिम्स' या सरकारी रुग्णालयाच्या आवारात मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, लंबाडी, उर्दू अशा सगळ्या भाषा कानावर येतात. राज्याच्या सीमेपलीकडून, किनवट-पांढरकवड्याकडूनही रुग्ण येतात. 'रुग्णाला विचारून' भरायचा मुद्दा तेलुगूतून विचारला आणि समोर उतनूरकडची गोंड आजी असली, तर ती मान डोलावते. ती मान कागदावर 'समाधानी' होऊन उतरते. उत्तर कोणत्या भाषेत मिळालं, हा एवढासा रकाना तक्त्यात असला, तर त्या गुणांवर किती भरवसा ठेवायचा ते कळेल.

गाळलेला रकाना

आता पुन्हा पहाणीकडे. तेलंगणा सरकारने 2018 मध्ये 'रैतू बंधू' योजना सुरू केली. सुरुवातीला दर हंगामाला एकरी 4000 रुपये मिळत. पैसे पट्टादाराला, कूळवाट्याने कसणारा बाहेर राहिला. पुढे 2020 च्या जमीन हक्क कायद्यासोबत आलेल्या 'धरणी' संगणक प्रणालीत अनुभवदाराचा रकानाच राहिला नाही. मालकी सुटसुटीत व्हावी, हा हेतू सांगितला गेला. पण ज्याचं नाव लिहायला जागा नाही, त्याचं नुकसान, त्याचं कर्ज, त्याच्या मदतीचा हक्क, यांतलं काहीच दप्तराला दिसत नाही. यावर बराच वाद झाला, आणि 2025 मध्ये धरणीची जागा 'भूभारती'ने घेतली.

पलीकडे महाराष्ट्राने 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी राज्यभर आणली. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात उभं राहून, फोनवर पिकाचा फोटो काढून नोंद करायची. नेटवर्क मिळत नाही, ॲप चालत नाही, अशा तक्रारी पुष्कळ. तरी एक गोष्ट बदलली : ज्याचं पीक, त्याच्याच हाती नोंद आली.

इमारतींच्या तपासणीत हेच राहून जातं. तक्त्यात पट्टादार भरपूर असतात : अधीक्षक, अभियंता, कंत्राटदार. अनुभवदार नसतो. रात्री दोनला प्रसूतीच्या वॉर्डातला दिवा बंद असतो हे नातेवाइकांना माहीत असतं, दिवसा अकराला येणाऱ्या पथकाला नाही. जिना चढताना कठडा हलतो हे वसतिगृहातल्या सहावीतल्या मुलाला माहीत असतं, कारण तो त्याच्यावरून रोज घसरतो.

तेव्हा तपासणीचा कोणताही कागद हाती आला, की दोन गोष्टी करा. तो आधीच्या सालांच्या कागदांवर ठेवून वाचा. आणि त्यात अनुभवदाराचा रकाना शोधा. नसेल, तर समासात पेनाने आखून घ्या आणि भरून घ्यायला त्या सहावीतल्या मुलाकडे जा.

*पुढील लेखांकात : तक्रारवही, आणि ती कोरी का राहते.*