घंटा ऐकू येते तिथवर

शिकागोच्या ओल्ड टाउनची हद्द कुठे संपते, असं जुन्या रहिवाशांना विचारलं तर ते नकाशा उघडत नाहीत. सेंट मायकल चर्चच्या घंटा ऐकू येतात तिथवर ओल्ड टाउन, असं त्यांचं सांगणं. शहराच्या मध्यवर्ती ‘लूप’पासून उत्तरेला जेमतेम तीन किलोमीटरवर, क्लीव्हलंड अॅव्हेन्यू आणि युजिनी स्ट्रीटच्या कोपऱ्यावर हे लाल विटांचं चर्च उभं आहे. मनोऱ्याची उंची 290 फूट, त्यावर चारही दिशांना घड्याळं आणि आत पाच घंटा. सर्वांत जड घंटेचं वजन अडीच हजार किलोंच्या पुढे. आसपासचे रस्ते अरुंद, घरं दोन-तीन मजली. त्यामुळे गल्लीतून कुठूनही मान वर केली की मनोरा दिसतोच.

या धर्मग्रामाची (पॅरिशची) सुरुवात 1852 ची. दोन वर्षांपूर्वीच्या जनगणनेत शिकागोची लोकसंख्या अवघी तीस हजार होती आणि त्यातही जर्मनांचा वाटा मोठा होता. बटाट्याचं पीक बुडालं, 1848 चा उठाव फसला, शेतीचे तुकडे पडत गेले. अशा अनेक कारणांनी जर्मन मुलखातून माणसं जहाजं भरभरून अमेरिकेला येत होती. शिकागो नदीच्या उत्तरेला भाजीपाल्याचे मळे, चामड्याचे कारखाने आणि दारूभट्ट्या यांच्या आधाराने त्यांची वस्ती वाढली. कॅथलिक जर्मनांसाठी सेंट जोसेफ हे चर्च आधीपासून होतं. पण वस्ती उत्तरेकडे सरकत गेली तसं ते लांब पडू लागलं.

नव्या चर्चला जागा दिली ती मायकल डायव्हर्सी यांनी. सार प्रांतातून आलेला हा माणूस विल्यम लिल या इंग्रज भागीदाराबरोबर बिअरचा मोठा कारखाना चालवत होता. चर्चला नाव मिळालं ते त्यांच्या नामसंताचं, महादूत मायकलचं. शिकागोतला डायव्हर्सी पार्कवे हा मोठा रस्ता याच माणसाच्या नावाचा. मळ्याच्या कडेला एक साधं लाकडी चर्च उभं राहिलं आणि कामाला सुरुवात झाली.

बिअरच्या पैशातून देवाचं घर, हे आपल्याकडच्या वाचकाला खटकेल. तिथल्या, अमेरिकेतच जन्मलेल्या प्रोटेस्टंटांनाही ते खटकत होतं. रविवारी सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, आणि दुपारी सहकुटुंब बागेत बसून बिअर, यात जर्मन कॅथलिकाला काही विसंगत वाटत नव्हतं. परदेशी लोकांविरुद्ध हवा तापवून निवडून आलेले महापौर लीव्हाय बून यांनी 1855 मध्ये दारूच्या परवान्याची फी 50 डॉलरवरून 300 डॉलरवर नेली आणि रविवारी गुत्ते बंद ठेवण्याचा जुना कायदा कडकपणे राबवायला घेतला. 21 एप्रिलला उत्तरेकडचे जर्मन क्लार्क स्ट्रीटच्या पुलावरून न्यायालयाकडे निघाले. पोलिसांनी पूल फिरवून त्यांची वाट अडवली, गोळ्या झाडल्या गेल्या, माणूस मेला. ‘लागर बिअर दंगल’ म्हणून हा प्रसंग इतिहासात नोंदलेला आहे. भांडण बिअरचं दिसलं, तरी मुद्दा वेगळाच होता. या शहरात आपण आपल्या रीतीने राहायचं की नाही, याचा तो निकाल होता. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत बून यांचा पक्ष हरला.

जर्मनांना स्वतःचं चर्च का हवं होतं, हे समजून घ्यायचं तर एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. त्या काळी मिस्सा सगळीकडे लॅटिनमध्येच व्हायची. तिथे जर्मन आणि आयरिश सारखेच. पण प्रवचन, भक्तिगीतं, मुलांचं धर्मशिक्षण आणि मुख्य म्हणजे पापनिवेदन, या सगळ्यासाठी आपलीच भाषा लागते. मनातली लाज परक्या भाषेत कशी सांगणार? अमेरिकन कॅथलिक चर्चच्या वरच्या जागांवर तेव्हा आयरिश मंडळींचं वजन होतं. भाषा गेली की श्रद्धाही जाते, असं जर्मन धर्मगुरू पोटतिडकीने सांगत. म्हणून चर्चबरोबर लगेच शाळा आली. मुलींना शिकवायला मूळच्या बव्हेरियातल्या ‘स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम’ संघाच्या सिस्टर्स आल्या. 1860 मध्ये बिशप जेम्स डुगन यांनी हा धर्मग्राम रिडेम्प्टरिस्ट संघाच्या फादरांकडे सोपवला आणि सहा वर्षांनी सध्याच्या भव्य चर्चचं बांधकाम सुरू झालं.

ते 1869 मध्ये पुरं झालं. त्याच वर्षी जर्मन जेझुइटांनी मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेज सुरू केलं. एका टोकाला विटा रचणारे मजूर आणि दुसऱ्या टोकाला विद्यादान करणारे धर्मगुरू. जर्मन कॅथलिकांच्या त्या पिढीची झेप एवढी लांब होती.

नव्या चर्चला दोन वर्षं होतात न होतात तोच शिकागो पेटलं. 8 ऑक्टोबर 1871 च्या रात्री नदीच्या दक्षिणेला लागलेली आग वाऱ्याबरोबर पाणी ओलांडून उत्तरेत शिरली. शहरातली सतरा हजारांहून अधिक घरं-इमारती जळाल्या, एक लाख माणसं उघड्यावर आली, तीनशेच्या आसपास दगावली. डायव्हर्सी-लिल यांचा कारखाना राख झाला. सेंट मायकलचं छत कोसळलं, आतलं सगळं जळालं. पण विटांच्या जाड भिंती मात्र उभ्या राहिल्या.

पुढचा भाग मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोठा वाटतो. ज्यांच्या स्वतःच्या डोक्यावर छप्पर नव्हतं, त्या माणसांनी दोन वर्षांत त्याच भिंतींवर चर्च पुन्हा उभं केलं. गवंडी, सुतार, कारखान्यातले कामगार, घरकाम करणाऱ्या मुली यांची ही वस्ती. विम्याची रक्कम मिळेल असा भरवसा त्या दिवसांत फारसा कुणाला नव्हता, कारण आगीने विमा कंपन्यांचंही दिवाळं काढलं होतं. आज आपण ज्या भिंतींना हात लावतो त्या आगीतून गेलेल्या आहेत.

मनोऱ्याचं उंच शिखर 1888 मध्ये चढलं. 1902 मध्ये, सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, म्युनिकच्या मायर कंपनीकडून रंगीत काचेच्या खिडक्या आल्या. आत गेलं की नजर सरळ मुख्य वेदीकडे जाते. बव्हेरियन बारोक शैलीतलं, वरवर चढत गेलेलं नक्षीकाम, सोनेरी मुलामा, आणि सगळ्यांच्या वर महादूत मायकल. बाहेरच्या साध्या विटांवरून आत एवढी श्रीमंती असेल याची कल्पनाच येत नाही.

पहिल्या महायुद्धात जर्मन असणं हाच संशयाला पुरेसा पुरावा ठरला. शिकागोतल्या बिस्मार्क हॉटेलला नाव बदलावं लागलं, काही रस्त्यांची जर्मन नावं पुसली गेली. इकडे मुंबईतल्या जर्मन जेझुइटांना इंग्रज सरकारने नजरकैदेत टाकलं आणि बहुतेकांना परत धाडलं. सेंट मायकलच्या परिसरातली जर्मन भाषाही हळूहळू ओसरली. मुलं इंग्रजीत वाढली, कुटुंबं उपनगरांकडे गेली. पुढे आसपासच्या भागात पोर्तो रिकोहून आलेली कुटुंबं राहिली, मग चित्रकार आले, 1950 पासून कलाजत्रा भरू लागली आणि 1977 मध्ये शहराने ओल्ड टाउन ट्रायँगलला वारसा परिसराचा दर्जा दिला. आता इथली घरं कामगाराच्या ऐपतीबाहेर आहेत. धर्मग्राम मात्र टिकला. भाषा गेली की श्रद्धा जाते, हे संस्थापकांचं भाकीत इथे तरी खोटं ठरलं. त्यांची धास्ती मात्र खोटी नव्हती. आपल्या मुलांच्या तोंडची मराठी निसटताना पाहणाऱ्या परदेशातल्या आईबापांना ती चटकन कळेल.

शिकागोत आता मराठी कुटुंबं खूप आहेत आणि पाहुणे आले की त्यांना उंच इमारती आणि तळ्याचा काठ हमखास दाखवला जातो. त्याच दिवशी ब्राऊन लाइनने सेजविक स्थानकावर उतरा. तिथून चर्च चालत काही मिनिटांवर आहे. मिस्सेच्या वेळा आधी पाहून घ्या, प्रार्थना चालू असताना छायाचित्रं काढू नका, आणि वेदी बघून झाली की बाहेर येऊन विटांच्या त्या जुन्या भिंतींपाशीही थोडा वेळ थांबा.