रंगपेन्सिली घेऊन गेलेला अंतराळवीर

युरी गागारिनचं नाव आपल्याकडे शाळकरी पोरंही सांगतात. त्याच्याच तुकडीतल्या अलेक्सेई लिओनोव्हचं नाव मात्र फारसं कुणाच्या ओठांवर नसतं, याची मला हळहळ वाटते. यानाचं दार उघडून मोकळ्या अवकाशात पाऊल टाकणारा तो पहिला माणूस.

१९३४ साली सैबेरियातल्या लिस्तव्यांका गावी त्याचा जन्म झाला. स्तालिनच्या राजवटीत वडिलांना अटक झाली आणि कुटुंबाची वाताहत झाली. पोराला चित्रकार व्हायचं होतं. रिगाच्या कला अकादमीत प्रवेशही मिळाला, पण तिथला खर्च झेपेना. मग तो हवाई दलाच्या शाळेत गेला. १९६० साली सोव्हिएत संघाने अंतराळासाठी पहिले वीस वैमानिक निवडले, त्यांत तो होता. चित्रकला त्याने सोडली नाहीच.

१८ मार्च १९६५. ‘व्होस्खोद-२’ यानात सोबत पावेल बेल्यायेव. यानातली उपकरणं हवेनेच थंड राहत, त्यामुळे आतली हवा सोडून देणं शक्य नव्हतं. म्हणून यानाच्या अंगाला कापडी, हवा भरून फुगवायची एक अरुंद खोली जोडली होती. तिच्यातून लिओनोव्ह बाहेर आला, सुमारे पाच मीटरच्या दोरीने यानाला बांधलेला. बारा मिनिटं तो बाहेर होता.

आत परतायची वेळ झाली आणि संकट उभं राहिलं. बाहेर निर्वात पोकळी, त्यामुळे पोशाख आतल्या हवेने टम्म फुगला होता. बोटं हातमोज्यांतून सुटली, पाय बुटांतून निसटले. दोरी गोळा करायलाही हात वळेनात. खालच्या केंद्राला विचारायला त्याने वेळ दवडला नाही. पोशाखातली हवा स्वतःच्या हाताने सोडायला सुरुवात केली. दाब फार उतरला तर रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन जीव जाऊ शकतो, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. ठरलं होतं पाय आधी घालायचे. तो डोकं आधी घालून शिरला आणि त्या अडचणीच्या जागेत उलटा वळून त्याने दार लावलं. मला त्याचं खरं मोठेपण या निर्णयात दिसतं. वीरश्रीपेक्षा इथे थंड डोक्याचा हिशेब होता.

परतीच्या वाटेवर स्वयंचलित यंत्रणा बिघडली. बेल्यायेवने यान हाताने उतरवलं, आणि ते ठरल्या जागेपासून शेकडो किलोमीटर दूर, उरल पर्वताच्या बाजूच्या बर्फाळ जंगलात पडलं. दाट झाडीत हेलिकॉप्टर उतरू शकेना. दोघांनी दोन रात्री तिथे काढल्या आणि मदतीला आलेल्या माणसांबरोबर स्की घालून ते बाहेर पडले.

पुढे चंद्रावर उतरणारा पहिला रशियन म्हणून त्याची तयारी चालू होती. ती मोहीमच बारगळली. १९७१ साली ‘सोयुझ-११’ यानातून तो जाणार होता. सहकारी कुबासोव्हच्या फुप्फुसात डाग दिसला, म्हणून ऐनवेळी सगळी तुकडीच बदलली. बदली गेलेले तिघेही परतताना गुदमरून गेले. चार वर्षांनी, शीतयुद्धाच्या काळात, लिओनोव्ह आणि कुबासोव्ह यांचं सोयुझ अमेरिकेच्या अपोलोला अवकाशात जोडलं गेलं आणि अपोलोतल्या टॉमस स्टॅफर्डशी लिओनोव्हने हस्तांदोलन केलं. पुढे भारताचे राकेश शर्मा आणि रवीश मल्होत्रा स्टार सिटीतल्या अंतराळवीर प्रशिक्षण केंद्रात शिकत होते, तेव्हा त्या केंद्राच्या उपप्रमुखपदी लिओनोव्ह होता.

‘व्होस्खोद-२’मध्ये त्याने रंगपेन्सिलीही नेल्या होत्या. अवकाशातून दिसणारा सूर्योदय त्याने यानातच कागदावर उतरवला. अंतराळात काढलेलं ते पहिलं चित्र २०१५ साली लंडनच्या विज्ञान संग्रहालयातल्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. तेव्हा चित्रकार हयात होता. ११ ऑक्टोबर २०१९ रोजी, वयाच्या ८५व्या वर्षी तो गेला.