इंग्रजी वाक्प्रचारांचा अर्थ कसा लावावा?



प्रत्येक शब्दाचा अर्थ कोशात सापडला, तरी वाक्याचा अर्थ लागत नाही, असा अनुभव इंग्रजी मजकूर वाचताना आपणांस येत असेल. अशा ठिकाणी बहुधा वाक्प्रचार असतो. वाक्प्रचाराचा अर्थ म्हणजे त्यातील शब्दार्थांची बेरीज नव्हे. तो रूढीने ठरतो. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त लक्षणेचे एक कारण म्हणून रूढीचा निर्देश केला आहे. ‘कुशल’ म्हणजे मुळात कुश नावाचे गवत आणणारा. रूढीने त्याचा अर्थ ‘निपुण’ असा झाला.

सर्वच वाक्प्रचार सारखे दुर्बोध नसतात. ‘कीप ॲन आय ऑन’ याचा अर्थ ‘नजर ठेवणे’ या मराठी वाक्प्रचारामुळे सहज कळतो. ‘स्पिल द बीन्स’, म्हणजे शब्दशः ‘शेंगांचे दाणे सांडणे’, याचा अर्थ ‘गुपित फोडणे’. येथे सांडणे म्हणजे उघड करणे आणि दाणे म्हणजे गुपित, अशी फोड करता येते. म्हणून कर्मणी प्रयोगातही हा अर्थ टिकतो. ‘किक द बकेट’, म्हणजे ‘मरणे’, याची मात्र अशी फोड होत नाही. त्याचा कर्मणी प्रयोग केला, तर खरीखुरी बादलीच लाथाडली जाते. मराठीतही ‘त्याने राम म्हटला’ याऐवजी ‘त्याच्याकडून राम म्हटला गेला’ असे लिहिल्यास मृत्यूचा अर्थ जाऊन केवळ नामस्मरण उरते.

अनुवादकाने सर्वाधिक सावध राहावे ते ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांपाशी. ‘पुल समवन्स लेग’ म्हणजे एखाद्याची थट्टा करणे. मराठीत ‘पाय ओढणे’ म्हणजे दुसऱ्याच्या प्रगतीत अडथळा आणणे. मित्राने पत्रात केलेल्या निरुपद्रवी थट्टेचे शब्दशः भाषांतर केल्यास वाचकाला त्यात वैर दिसेल.

काही वाक्प्रचारांमागे स्थळाचा संदर्भ असतो. इंग्लंडमधील टाइन नदीवरील न्यूकॅसल येथून शतकानुशतके कोळसा बाहेर जात असे. म्हणून ‘कॅरी कोल्स टू न्यूकॅसल’ म्हणजे जिथे जे विपुल आहे, तेच तिथे नेण्याचा व्यर्थ खटाटोप. असा संदर्भ मराठी वाचकाला परका असेल, तर सरळ अर्थ द्यावा.

अर्थाइतकाच प्रसंगही महत्त्वाचा आहे. ‘किक द बकेट’ हा अनौपचारिक, थट्टेच्या सुराचा प्रयोग आहे. शोकपत्रात तो अशोभनीय ठरेल.

थोडक्यात, अनोळखी वाक्प्रचार भेटताच प्रथम संदर्भ पाहावा, नंतर कोशात संपूर्ण वाक्प्रचार शोधावा आणि शेवटी त्याच अर्थाचा व त्याच सुराचा मराठी प्रयोग निवडावा.

स्वाध्याय : ‘टर्न अ ब्लाइंड आय’ यासाठी ‘डोळे झाकणे’ व ‘कानाडोळा करणे’ यांपैकी कोणता पर्याय अधिक योग्य, हे दोन्हींचा वाक्यात उपयोग करून सकारण लिहा.