पैसा ठिपक्यांत नाही, फाइलमध्ये आहे

सकाळी ८. एम्बॉसर लावायची हीच वेळ, कारण शेजारची ऑफिसं दहाला उघडतात आणि ब्रेल छापणारं हे यंत्र जाड कागदावर ठिपके अक्षरशः ठोकतं. आज एका शाळेसाठी गोष्टींची पुस्तकं आहेत. छापील एका पानाची ब्रेलमध्ये अडीच-तीन पानं होतात, साधा कागद चालत नाही, बांधणी फुगते. टपालखातं अंधांसाठीचं साहित्य साध्या टपालानं फुकट नेतं, तेवढाच दिलासा. या धंद्यात उतरू पाहणारा प्रत्येक जण आधी एम्बॉसरची किंमत विचारतो. चुकीचा प्रश्न.

९.३०. खरं काम आता. मराठी प्रकाशकाची फाइल बहुधा पेजमेकरची, जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधली. पडद्यावर अक्षरं देखणी दिसतात, पण आत नुसती रोमन चिन्हांची खिचडी. युनिकोडमध्ये आणताना वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, रफार उडतो, जोडाक्षरं फुटतात. डोळस वाचक 'वष' दिसलं तरी 'वर्ष' वाचतो. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा एनव्हीडीएसारखा स्क्रीनरीडर 'वष' असंच म्हणतो, ब्रेलमध्येही तेच उठतं. त्यात पानाचा क्रमांक आणि तळटीप वाक्याच्या मधोमध घुसलेली. हे काम आम्ही तासावर घेतो. पानाच्या दरावर घेणाऱ्याला अशी एकच फाइल बुडवते.

११.३०. चित्रांची वर्णनं. भूगोलाच्या पुस्तकात कऱ्हाडच्या प्रीतिसंगमाचा नकाशा आहे. खाली 'संगमाचा नकाशा' एवढं लिहिलं तर वाचकाच्या हाती काय लागलं? आम्ही लिहिलं : 'कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात आणि एकत्र प्रवाह पूर्वेकडे वळतो.' नकाशातलं सगळं सांगायचं नसतं, धड्याला हवं तेवढंच सांगायचं. हे जमणारी माणसं कमी, म्हणून या कामाला दर चांगला मिळतो. विषयाचे निवृत्त शिक्षक यात तरबेज निघतात, हा आमचा अनुभव.

दुपारी १. आमच्या मुद्रितशोधक स्वतः अंध आहेत. पूर्ण पगारावर; कृपा म्हणून नव्हे, त्यांच्यावाचून अडतं म्हणून. "सर, पुढच्या शीर्षकासाठी एच दाबला की प्रकरण दोनवरून थेट पाचवर उडी जातेय." म्हणजे मधली शीर्षकं कुणीतरी फक्त ठळक केलीत, त्यांना शीर्षकाची स्टाइल दिलीच नाही. डोळ्यांना हा फरक दिसत नाही.

२.३०. जेवण उरकेपर्यंत युरोपात सकाळ झालेली असते आणि तिकडच्या मेल येऊ लागतात. युरोपीय संघात विकायच्या ई-पुस्तकांना २८ जून २०२५ पासून सुगम्यतेचा कायदा लागू झाला. नव्या पुस्तकांबरोबर जुन्या यादीचंही काम निघालं. खर्च भागवतं ते हेच. दयाबुद्धीपेक्षा कायदा जास्त बिलं फेडतो, हे ऐकायला बरं वाटत नाही. पण खरं आहे.

४. अप्पा बळवंत चौकात एका प्रकाशकांकडे. चहा येतो, मग ठरलेला प्रश्न : "अहो, अंध वाचक घेऊन घेऊन किती प्रती घेणार?"
"काका, प्रती सोडा. हीच ई-फाइल मोबाइलवर अक्षर मोठं करून तुम्हीही वाचाल."
काकांनी चष्मा पुसला, हो मात्र म्हटलं नाही.

कायदाही समजावला. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर ना-नफा तत्त्वावर, फक्त अपंग वाचकांसाठी सुगम्य प्रत करायला स्वामित्वहक्काची आडकाठी नाही. नफ्यासाठी करायची तर कलम ३१ बी खाली परवाना लागतो. आम्ही त्या वाटेला जात नाही. थेट प्रकाशकाशी करार करतो. अंधांसाठी पुस्तकं मिळवण्याच्या मराकेश कराराला भारताने २०१४ साली सर्वांत आधी मान्यता दिली, 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक २००८ पासून निघतंय, आणि तरी नवी मराठी कादंबरी सुगम्य ई-पुस्तक म्हणून सहसा मिळत नाही.

६. पाठवणी. आधी ई-पुस्तकाची फाइल तपासायला ईपबचेक, मग सुगम्यता तपासायला डेझी कन्सॉर्शियमचं 'एस'. दोन्ही साधनं फुकट. चित्राला वर्णन नसेल तर 'एस' ओरडतं. वर्णन निरर्थक असेल तर गप्प बसतं. म्हणून शेवटची सही मुद्रितशोधकबाईंची.

प्रकाशकांना एकच विनंती : पुढचं पुस्तक जुळणीला देताना मजकूर युनिकोडमध्ये ठेवायला सांगा, शीर्षकांना स्टाइल लावून घ्या आणि छपाईनंतर ती मूळ फाइल डीटीपीवाल्याकडून मागून घ्या. आमचं सकाळचं बिल तिथेच वाचेल.